परत आलेली चटई

बुधवार, १० जुलै
ओटारा, ऑकलंड

आई,

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. थांब, लगेच छाती बडवून घेऊ नकोस. पत्र वाचून दाखवणाऱ्या बाई, तुम्ही पाळकीणबाई असाल नाहीतर आणखी कुणी, पुढचं वाक्य तिला मोठ्याने वाचा: वाईट काही झालेलं नाही. तोमासी घरी आलाय. काल दुपारी आला, आणि मी त्याला बघत बसले म्हणून झोपले नाही. जरा श्वास हळू झाला की मी त्याच्या नाकापाशी हात न्यायची. शेवटी डोळे न उघडता म्हणाला, "लोसा, मेलो तर सगळ्यांत आधी तुला सांगीन. झोप आता." तरी नाही झोपले. झोपले आणि उठल्यावर तो नसला तर?

आता तू म्हणशील, नवरा सफरचंदाच्या बागेतून घरी आला तर त्यात एवढं काय? पोरगी खुळी झाली का?

आई, तो बागेत नव्हता. तो जेलमध्ये होता.

(बाई, इथे थोडं थांबा. तिला पाणी द्या. कुणी ऐकायला जमलं असेल तर त्यांना म्हणावं घरी भाकरीचं बघा.)

मी खोटं बोलले कारण दुकानातल्या फोनवर सगळं गाव कान लावून असतं, आणि तू जेल म्हटल्याबरोबर फोन टाकून रडत बसली असतीस. मग मी सांगितलं बाग. तुला सांगितलं म्हणून भावाला, लाफालाही तेच सांगितलं, कारण लाफाच्या पोटात काही राहत नाही, तो तुला बोलला असता. ते बागेचं खोटं आम्हाला किती महाग पडलं ते पुढे सांगते. आज मी कुणावर रागावलेली नाही. आज मला चुलीपुढे नुसतं बसून राहावंसं वाटतंय. तोमासी लेकीला, एसेताला, मांडीवर घेऊन तिच्या बुटांचे पट्टे कसे लावायचे ते शिकतोय. उलटे लावतो. ती त्याला ओळखत नाही अजून, त्याच्या दाढीला बघून ओरडते. तो म्हणतो, "ओरड बाई, ओरड. मी ह्याच आवाजासाठी आलोय."

आणि जेलचं एवढं नाही गं आई. जेल संपते. खरी भीती दुसऱ्या कागदाची होती. तो जेलमध्ये असतानाच सरकारचा कागद आला की शिक्षा संपली की त्याला ह्या देशातून काढून टाकणार. सामोआत परत, आणि इकडे पुन्हा पाऊल नाही. आमची वकीलबाई आहे, टोंगाची आहे पण चांगली आहे, तिने मला समजावलं. ती म्हणाली, "तुला आणि तुझ्या नवऱ्याला इथे राहायचा कागद मिळून फार दिवस झालेले नाहीत. कायदा म्हणतो, पहिली काही वर्षं तुम्ही पाहुण्यासारखे. घरच्या मुलाच्या हातून ताट फुटलं तर तो ओरडा खातो, पाहुण्याच्या हातून फुटलं तर त्याला दार दाखवतात. किती छोटं ताट ते फारसं बघत नाहीत."

मी म्हणलं, "पण त्याने शिक्षा भोगली ना?"

"ती ताटाची. ही पाहुणा असण्याची."

तू म्हणशील, सामोआ काय नरक आहे? यायचं सगळ्यांनी. मी पण तेच म्हणलं असतं. पण एसेताचा पाय. जन्मली तेव्हा डावं पाऊल आत वळलेलं होतं ते तुला माहीत आहे, पण पुढचं मी सगळं नाही सांगितलं. आधी दर आठवड्याला नवीन प्लास्टर. आता दोन बूट आणि मधे दांडी, आणि शाळेत जाईपर्यंत झोपताना ते घालायचे, आणि दवाखान्यात सारखं दाखवायचं. सोडलं तर पाय पुन्हा वळतो. म्हणजे तोमासी तिकडे आणि आम्ही दोघी इकडे. त्याला मुलीचा पाय सरळ झालेला फोनवर दिसला असता.

ती ओरडतेय. उरलेलं उद्या.

गुरुवार, ११ जुलै

काल रात्री झोपले. मेल्यासारखी झोपले. तोमासीने सकाळी कोको केला, साखर विसरला, मी तसाच प्याले आणि म्हणलं छान आहे.

आता झालं काय ते.

गेल्या वर्षी मी पोटुशी असताना, शनिवारी चर्चच्या मैदानावर आपलं क्रिकेट होतं. मी घरीच होते, पाय सुजलेले. संध्याकाळी तोमासी आणि लाफा घरी आले. लाफा तेव्हा आमच्याकडे गॅरेजमध्ये राहायचा. तोमासी म्हणाला, "फिलिपोचा जबडा मोडला. आपल्याकडून झालं."

आपल्याकडून. एवढंच म्हणाला. मी समजले त्याच्याकडून. आई, मला एवढा राग आला. दारूला हात न लावणारा माणूस, चर्चमध्ये पाळकाच्या शेजारी बसणारा माणूस. त्याच्या घराण्याने वर्षापूर्वी त्याला नाव दिलं, कर्ता केला, तू इतकी खूश होतीस. आणि हा मैदानात कुणाचा जबडा मोडतो? मी म्हणलं, "कर्ता झालास म्हणून हात पण मोठा झाला का?" लाफा उठून गॅरेजमध्ये गेला. मला वाटलं तोमासीची लाज वाटली त्याला.

फिलिपो म्हणजे मातालेना आजीचा मुलगा. तू तिला ओळखत नाहीस. मांगेरेला राहतात, आपल्याच चर्चचे. दुसऱ्या दिवशी सकाळी, लोक उठायच्या आत, तोमासी माफी मागायला त्यांच्या अंगणात गेला आणि डोक्यावर चटई पांघरून तिच्याखाली बसला. त्याच्या घराण्याची चांगली चटई इथे नव्हती. मी तुझी दिली.

हो, तीच. माझ्या लग्नाला तू विणलेलीस ती. तू फोनवर विचारायचीस, चटई ठीक आहे ना, पेटीत वाळवी नाही ना लागली? मी म्हणायचे ठीक आहे. ती तेव्हा मांगेरेला होती. रागावू नकोस. ज्या चटईने तुझे डोळे घालवले ती मी हलक्या कामाला नाही दिली.

सगळं नीट झालं. फिलिपोचा बाप म्हातारा आहे, कडक आहे. त्याने बाहेर येऊन चटई उचलली, तोमासीला हाताला धरून उठवलं, आत नेलं, पाव आणि चहा दिला. चटई त्यांनी ठेवून घेतली. म्हणजे मिटलं. पुन्हा त्याबद्दल चकार शब्द कुणी काढायचा नाही, त्यांनीही नाही, आम्हीही नाही. त्या दिवशी चर्चमध्ये दोन्ही घरं एका बाकावर बसली. तोमासीने लाफाला सांगितलं, "झालं. तू आता दक्षिणेला जा, मटणाच्या कारखान्यात जागा आहे, कामाला लाग." दुसऱ्या सकाळी लाफा गेला. मला बरं वाटलं, घरात एक तोंड कमी.

आणि तो गेला त्याच दिवशी पोलीस आले. जबडा मोडला म्हणजे दवाखाना, दवाखान्याने पोलिसांना कळवलेलं. तोमासीला विचारलं, कुणी मारलं?

तो म्हणाला, मी.

कारण चटईखाली तो बसला होता ना. मग पोलिसांपुढे दुसरं कोण असणार? आता उठून मी नव्हतो म्हणायचं तर ती माफी खोटी झाली, म्हाताऱ्याचा हात खोटा झाला, तुझी चटईसुद्धा खोटी झाली. हे सगळं मला आत्ता कळतंय. तेव्हा मला वाटलं खरंच त्याने मारलं.

आम्ही सगळे हसत होतो आई. चटई उचलली गेलीय, आता कोर्ट काय करणार, एखादा दंड करील. फिलिपोचा बापही म्हणाला की जज्जला सांगतो, आमचं मिटलंय. सांगितलं सुद्धा. जज्जबाईंनी त्यासाठी शिक्षा कमी केली. कमी करूनही जेल. आणि जेलच्या मागून तो कागद.

शनिवार, १३ जुलै

काल लिहायला जमलं नाही, तोमासीचे मावसभाऊ-मामेभाऊ सगळे आले होते, त्याला बघायला. प्रत्येकाने डब्यातलं बीफ आणलं. आता आमच्याकडे पुढच्या नाताळापर्यंत बीफ आहे.

मी जेलमध्ये भेटायला जायचे तेव्हा त्याच्याशी भांडायचे. मधे टेबल, शेजारी पहारेकरी, आणि मी आपली भाषा म्हणून मोठ्याने भांडायची. कागद आल्यावर गेले तेव्हा हा शांत.

"गेलो तर गेलो. समुद्र आहे, शेत आहे. तुझी आई आहे, तिला नारळ पाडून देईन."

"माझ्या आईला नारळ पाडायला गावात माकडं आहेत. एसेताचे बूट कोण लावणार?"

"तू लावतेस की."

"मी लावते, कारण तू मैदानात हात चालवलास!"

तेव्हा तो सांगू शकला असता. नाही सांगितलं. म्हणाला, "पुढच्या वेळी तिला घेऊन ये." मी नेलं नाही. इतकी चिडले होते.

आता मातालेना आजीचं ऐक. पावसाळी दिवस होता, मे महिना. मी कपडे आत घेत होते. गाडी थांबली. आजी उतरली, हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. म्हातारा गाडीतच बसला. आजी वर आली आणि चादर सोडली, आणि आई, तुझी चटई. कोपऱ्यातली ती उलटी वीण, तू नेहमी घालतेस ती. मी ती आंधळेपणीही ओळखीन.

चटई परत आली म्हणजे माफी परत घेतली. म्हणजे आता पुन्हा वैर. नवरा आत, भाऊ लांब, आणि माझ्या कडेवर पोर.

"आजी, आमचं काय चुकलं?"

"काही नाही. घे."

"मी नाही घेत."

"घे गं बाई, माझे हात दुखतात. आणि मला बोलायचंय. ही माझ्या घरात आहे तोवर मला त्या दिवसाबद्दल तोंड उघडता येत नाही. तुझ्या घरात आली की येतं."

"असं कुणी करतं का?"

"माझ्या आजीने नसतं केलं. पण तिच्या वेळी लोकांना विमानात घालून परत पाठवत नव्हते."

मी घेतली. दोन हातांनी घेतली, डोक्याला लावली. आजी पायरीवर बसली, श्वास घेतला आणि म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने माझ्या पोराला हात लावला नाही. तो मधे पडला सोडवायला. मारलं तुझ्या भावाने."

मी म्हणलं, "खोटं."

"मी कुंपणापाशी चहा ओतत होते. डोळे आहेत मला."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तेव्हा काय बोलायचं? तुमचा कर्ता चटईखाली आला, आमच्या कर्त्याने उचलली. कुणाचा हात होता ते विचारायचं नसतं. घर येतं आणि घर सुटतं. मला काय माहीत हे सरकार घर बघत नाही, एकेक माणूस सुटा करून बघतं, आणि तो जन्मला कुठे ते विचारतं."

"आणि फिलिपो? तो तर बोलू शकला असता."

"त्याचा जबडा आधी डॉक्टरने तारेने बांधला होता. नंतर बापाने बांधला." गाडीकडे हात केला. "तो बघ. मला घेऊन आला, आणि काच वर करून बसलाय. म्हणजे त्याने काही ऐकलं नाही."

खरंच, आई. म्हातारा पुढे बघत बसला होता, काच वर, त्याच्या श्वासाने काचेवर वाफ धरलेली. जाताना आजी म्हणाली, "चटई जपून ठेव. सगळं बोलून झालं की मी न्यायला येईन."

का मारलं ते ऐक. फिलिपो माझ्याबद्दल काहीतरी बोलला, लाफाच्या तोंडावर. काय बोलला ते आजपर्यंत कुणी मला सांगत नाही. मी तेव्हा एवढी सुजले होते की बोलण्यासारखं काहीतरी असेलही. पण भावासमोर बहिणीबद्दल. तूच सांगायचीस, बहीण म्हणजे भावाच्या डोळ्याचा आतला कोपरा. लाफाला तुझं एवढंच लक्षात राहिलं, बाकी शाळा सगळी विसरला.

दुसऱ्याच दिवशी जेलमध्ये गेले. विचारलं, "मारणारा तू होतास?"

"मी चटईखाली होतो."

"मारलंस का?"

"मी चटईखाली होतो, लोसा."

मी तिथेच रडायला लागले. पहारेकऱ्याने मला कागदी रुमाल दिला, बिचारा.

मग लाफाला फोन केला. तो म्हणाला, "काय गं, तोमासीला सांग, नुसती सफरचंदं पिकवतोस का, एखादी पेटी पाठव की!" हे तो दर वेळी म्हणायचा. मी म्हणलं, "लाफा, तो बागेत नाही." म्हणाला, मग कुठे? मी सांगितलं. कधीपासून ते सांगितलं. कागदाचं सांगितलं. पलीकडे कारखान्याची यंत्रं वाजत होती, मला वाटलं फोन तुटला. मग तो म्हणाला, "चटई उचलली होती ना? तोमासीने सांगितलं, मिटलं म्हणून." मी म्हणलं, "मिटलं होतं. आपल्यात."

त्याने फोन ठेवला. बस, बोट, पुन्हा बस करत वर आला. आमच्याकडे नाही आला. सरळ पोलीस ठाण्यात. तिथून एकच फोन. "लोसा, सांगितलं मी." त्यानंतर माझा फोन उचललेला नाही.

आत्ता हे लिहितेय आणि दारात मातालेना आजी. चटई न्यायला आली. मी म्हणलं, "बोलून झालं?" म्हणाली, "बोलून झालं. आता करायचं राहिलं." काय ते सांगेना. तोमासीने तिला चटई गाडीपर्यंत नेऊन दिली आणि दोघं गाडीपाशी कुजबुजत होते. ह्या वेळी म्हाताऱ्याची काच खाली होती.

सोमवार, १५ जुलै

आई, हे लवकर लिहिते. उद्याच्या विमानाने तोमासीची मावशी तिकडे येतेय, तिच्या हाती देणार. परवा बोटीने तुझ्या बेटावर, सवाईईला पोचेल.

कोर्टाचं आधी संपवते. वकीलबाईने जज्जबाईंना सगळं सांगितलं, लाफाने कबूल केलं, फिलिपोने पण सांगितलं, बापाने परवानगी दिली म्हणून. तोमासीचा गुन्हा पुसला. जज्जबाई त्याच्यावर खूप ओरडल्या, न केलेलं कबूल करणं हाही गुन्हा आहे म्हणाल्या. मी म्हणलं झालं, आता ह्याचा नवीन कागद. पण म्हणाल्या, भोगलंस ते पुरे, पुन्हा असं करू नकोस. गुन्हाच नाही तर तो कागद कशावर उभा राहणार? तोही रद्द. वकीलबाई बाहेर येऊन तोमासीला म्हणाली, "तुम्ही सामोआवाले एवढे भले, न केलेल्याचीही माफी मागता."

हा म्हणाला, "तुम्ही टोंगावाले केलेल्याचीही मागत नाही, म्हणून आम्हाला जास्त काम पडतं."

ती इतकी हसली की तिची फाईल पडली. मी हसले नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. एसेता तेवढी हसली.

आणि लाफाला ते देशाबाहेर काढू शकत नाहीत. तो जन्मला तेव्हा तू इथे शिवणाच्या कारखान्यात होतीस. मी जन्मले तेव्हा तू गावी परतली होतीस. एकच आई, एका वर्षाचं अंतर. त्याला फक्त शिक्षा आहे, पाहुण्याची भीती नाही. तू तेव्हा किती रडायचीस म्हणे इथल्या थंडीत. बघ, त्या थंडीचा आता उपयोग झाला.

आता काल. रविवारी पहाटे तोमासी उठून गेला. मला म्हणाला, तू यायचं नाहीस. मी गेले. रस्त्याच्या पलीकडे गाडीत बसले, एसेताला घेऊन. मातालेना आजीच्या अंगणात तुझी चटई, आणि चटईखाली दोघं. तोमासी परत बसला होता, कर्ता ना. दुसरा कोण ते मला पायांवरून कळलं. तुझी चटई दोघांना पुरत नाही, आई. लाफाचे तळवे बाहेर राहिले होते, थंडीने लाल झालेले. मला वाटलं जाऊन काहीतरी टाकावं त्यावर.

म्हाताऱ्याने मुद्दाम वेळ लावला. खिडकीतून दिसत होता, चहा पीत. मग बाहेर आला, चटई उचलली, आधी लाफाला उठवलं. आणि फिलिपोने येऊन लाफाच्या गळ्यात हात टाकला. मी गाडीतून उतरले, हाक मारली. लाफाने मला बघितलं.

आणि पळाला! चोवीस वर्षांचा घोडा, मागच्या कुंपणावरून उडी मारून पळाला. फिलिपो मागे ओरडतोय, "अरे, खाऊन तरी जा!" मग फिलिपो माझ्यापाशी आला, मान खाली. "त्या दिवशी मी जे बोललो ते..."

"काय बोललास?"

"काही नाही," म्हणाला आणि आत पळाला. सगळे पळतातच माझ्यापासून.

तोमासीने चटईखालीच लाफाशी बोलून घेतलं होतं. घरी चल म्हणाला. लाफा म्हणाला, "तिच्या नवऱ्याला मी आत घातलं, तिच्या पोरीने बाप बघितला नाही. मी तिच्या घरात कोणत्या तोंडाने जेवू?"

आता खरी गोष्ट. लाफाची शिक्षा येत्या शुक्रवारी सांगणार. जज्जबाई म्हणाल्यात, घरकैद देता येईल. पायात यंत्राचं कडं घालतात, दाराबाहेर गेलं की तिकडे ऑफिसात वाजतं. पण त्यासाठी घर लागतं, आणि घरच्यांनी हो म्हणावं लागतं. घर नसेल तर जेल. आणि लाफाने त्या ऑफिसातल्या बाईला लिहून दिलंय, मला घर नाही. दोस्ताच्या गाडीत झोपतो म्हणे. मी त्या बाईकडे गेले, म्हणलं आमचा पत्ता घ्या. ती म्हणाली, पत्ता त्याने द्यायला हवा, आणि गुरुवारच्या आत. तो पळाल्यापासून तोमासीनेही फोन केले, आजीने केले, पाळकाने केला. इथला कुठलाही नंबर तो आता उचलत नाही.

गॅरेज तयार आहे. तोमासीने कालच्या दिवसात ओल आलेली भिंत पुसून काढली, पलंग लावला, मावशीकडून हीटर आणला. त्या बाईला यंत्र लावायला जागा लागते, ती पण केली. मी त्याला सकाळ-संध्याकाळ जेवण नेऊन देईन, तोंड दाखवायचं नसेल तर दाराला पाठ करून जेव म्हणावं. आणि एसेता बूट घालून रडत असते तेव्हा तिला कुणीतरी गाणं म्हणणारं हवं. तोमासीचा आवाज फार वाईट आहे. मामाच्या पायात कडं आणि भाचीच्या पायात दांडी, दोघांनी मिळून बसावं एका जागी.

दुकानात फोन करून तुला सांगता आलं असतं. पण सगळं ऐकल्याशिवाय तू त्याला नुसत्या शिव्या दिल्या असत्यास, किंवा मला. आता ऐकलंस.

मी अजून घाबरते, आई. फाटक वाजलं की हातातली सुरी थांबते, कुणी कागद घेऊन आलं का. पण मग तोमासी आतून विचारतो कोण आहे, आणि त्याचा आवाज ऐकून मी पुन्हा भाजी चिरायला लागते. असं दिवसातून किती वेळा होतं. तू प्रार्थना कर, पण ती नंतर. आधी हे काम.

वाचणाऱ्या बाई, किंवा दादा, जे कुणी हे वाचत असाल, पत्र संपलं म्हणून उठू नका. माझं अक्षर वाईट आहे, त्याची माफी. लाफाचा नंबर पाकिटाच्या मागे मोठा करून लिहिलाय. दुकानात जाऊ नका, तिथे सगळे ऐकतील. तुमच्याच फोनवरून लावा, पैसे मावशीकडे दिलेत. सामोआचा नंबर दिसला की आईला काही झालं म्हणून तो उचलेलच. उचलला की पहिल्यांदा सांगा, आई बरी आहे, नाहीतर त्याचा जीव जाईल. मग फोन आईच्या कानाला लावा आणि धरून ठेवा, तिचे हात थरथरतात. आई, शिव्या दे, रड, काहीही कर, पण फोन ठेवायच्या आधी सांग, लोसाचा पत्ता दे. म्हणावं तुझ्या डोळ्याचा कोपरा दारात उभा आहे. गुरुवारच्या आत. आत्ताच लावा, हातातलं पत्र खाली ठेवून, माझ्या भावाला फोन लावा.

तुझी
लोसा